मदत हवी आहे: ओहोटीची नेमकी कोणती वेळ धरायची?

घोडबंदर_रोड
येत्या शनिवारी आम्ही ठाण्याहून किल्ला पाहायला निघणार आहोत. ओहोटीच्या वेळी किल्ल्यात चालत जाता येते असे ऐकले आहे. मोबाइलवरील ॲपमध्ये ओहोटीची वेळ १२ वाजून ५० मिनिटे दिसते, तर तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांनी बारा सांगितली. शिवाय वेळेपुढे १.९ मीटर असे लिहिले आहे. ओहोटीलाच जवळजवळ दोन मीटर पाणी असेल, तर माणूस चालणार कसा? गाडी आजच ठरवायची आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

वाशीकर
किल्ला कोणता, ते लिहिलेलेच नाही. जंजिऱ्याला कोणत्याही ओहोटीत चालत जाता येत नाही. तिथी कोणती, सोबत कोण आहे आणि ॲपमध्ये ठिकाण कोणते निवडले आहे, हेही कळवा.

नेरूळ_पश्चिम
गाडी ठरवण्यापूर्वी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो सेवेचा विचार करा. गाडी बोटीतच चढवता येते आणि पेण-वडखळचा रस्ता टळतो. आम्ही दरवेळी तसेच जातो.

घोडबंदर_रोड
रस्त्याविषयी मी विचारलेले नाही. किल्ला अर्थातच अलिबागचा कुलाबा. शनिवारी कृष्ण अष्टमी आहे. ॲपमध्ये ठाणे आहे, कारण मी ठाण्यात राहतो.

चेंदणी_कोळीवाडा
घोटाळा इथेच आहे. भरतीचे पाणी समुद्राकडून खाडीत शिरून ठाण्यापर्यंत पोहोचायला वेळ घेते, म्हणून इथली भरती-ओहोटी उघड्या किनाऱ्यापेक्षा उशिरा होते. ठाण्याची वेळ धरून अलिबागला पोहोचलात, तर तिथे पाणी आधीच परतू लागलेले असेल. ॲपमध्ये अलिबाग निवडा. ते नसेल तर मुंबईच्या अपोलो बंदराची वेळ घ्या.

१.९ मीटर ही वाटेवरच्या पाण्याची खोली नव्हे. ही उंची एका ठरावीक आधारपातळीपासून मोजतात, आणि ती पातळी सर्वांत खोल ओहोटीच्या आसपास धरलेली असते. तरीही आकडा महत्त्वाचा आहे. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला तो पाऊण मीटरच्या आसपास येतो, म्हणजे तुमच्या शनिवारी पाणी त्याहून मीटरभर वरच राहणार. अष्टमीला भांग असतो. पाणी फार चढत नाही, तसे फार उतरतही नाही.

पंचांगवाला_कळवा
आमच्या आजोबांनी शिकवलेले गणित ॲपपेक्षा सोपे आहे. पंधरवड्यातील तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि बाराच्या सुमारास ओहोटी. तुमच्या नातेवाइकांचे बरोबर आहे. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास निर्धास्त चालावे.

वाशीकर
गणित दिवस निवडायला उत्तम आहे, पण पाण्यात पाऊल टाकायला नाही, कारण प्रत्यक्ष वेळ त्यापेक्षा बरीच मागेपुढे होऊ शकते. आणि ‘नंतर दोन तास’ हे कृपया कोणाला सांगू नका. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन भाग, असा ढोबळ हिशेब आहे. उधाणाला एकूण चढ साडेतीन मीटरहून अधिक असतो, म्हणजे दोन तासांत जवळजवळ ९० सेंटिमीटर पाणी वाढते आणि पुढच्या एकाच तासात पुन्हा तेवढेच.

पंचांगवाला_कळवा
मी अष्टमीविषयी बोलत होतो. भांगाला एकूण चढ दीड मीटरच्या आतबाहेर असतो, त्यामुळे दोन तासांत फार तर ३५-४० सेंटिमीटर वाढेल.

चेंदणी_कोळीवाडा
पण मुळात पाणी मीटरभर वर असताना त्यात आणखी फूटभर भर पडली, तर लहान मूल कुठे राहील? सोबत कोण आहे, हे अजून सांगितलेले नाही.

घोडबंदर_रोड
क्षमस्व. आई ६८ वर्षांची आहे आणि मुले सात व दहा वर्षांची आहेत. मग त्यापुढच्या शनिवारी जावे का?

चेंदणी_कोळीवाडा
त्या शनिवारी अमावास्या येते. पाणी खूप लांब जाईल, पण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे अंधारात किंवा अंधाराच्या तोंडावर. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा सप्तमी-अष्टमी. शनिवारच हवा असेल, तर हे चक्र बरेच आठवडे असेच चालते. त्यापेक्षा शुक्ल पंचमीच्या गुरुवारी रजा मिळते का पाहा. ओहोटी दहाच्या सुमारास येईल, उजेड भरपूर असेल आणि पाणी भांगापेक्षा बरेच खाली जाईल. ओहोटीच्या तासभर आधी, पाणी उतरत असतानाच निघा आणि पाणी फिरताच परत निघा. गडावर रमलात तर पुढची ओहोटी थेट रात्री येते. खडकांवर कालवांच्या धारदार शिंपा असतात, म्हणून अनवाणी चालू नका.

नेरूळ_पश्चिम
आईंना घोडागाडीतून न्या. पाणी उथळ असताना त्या किल्ल्यापर्यंत जातात. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आहे आणि समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर आहे, ती त्यांना अवश्य दाखवा.

घोडबंदर_रोड
गुरुवारची रजा टाकली आहे. ॲपमध्ये अलिबाग सापडत नाही, म्हणून अपोलो बंदर निवडले. त्या दिवशीची ओहोटी १० वाजून ५ मिनिटांनी दिसते. ठाण्याहून पहाटे पाचला निघालो तर पुरेल का?

वाशीकर
पुरेल, पण वडखळला वाहतूक अडली आणि किनाऱ्यावर पोहोचायला साडेदहा वाजले, तर त्या दिवशी चालत जाऊ नका.