'शेवटचा हप्ता' म्हणजे नक्की कुठला?

रिकामटेकडी: एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बघते मी. कर्जवाल्यांना मेसेज पाठवायला क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहिली, प्रत्येक खात्याची लेटेस्ट नोंद काढायची, पार्टिशन बाय खातेनंबर म्हणजे खात्यागणिक गट पाडायचे, तारीख उलटी लावायची (नवी आधी) आणि प्रत्येक गटातली रो नंबर १ वाली, म्हणजे पहिली ओळ उचलायची. क्वेरी मस्त चालली. मेसेज गेला "आपला शेवटचा हप्ता जमा झाला". दुसऱ्या दिवशी एक काका पेढे घेऊन काउंटरवर, कर्ज फिटलं, बेबाकी दाखला द्या म्हणे! १९ हप्ते राहिलेत अजून त्यांचे. तर लेटेस्टला काय लिहू?

माजघर: काकांचं काय चुकलं? शेवटचा म्हणजे ज्याच्यापुढे काही नाही. 'अलीकडचा' लिहा. नदीचा अलीकडचा काठ म्हणतो तसं, आपल्याला सगळ्यात जवळचा.

गळका_नळ: अलीकडचा हप्ता कोण बोलतं ओ? 'शेवटचं कधी भेटलो आपण' म्हणतोच की, त्यानंतर मेलो का?

माजघर: आणि 'आपली शेवटची भेट' म्हणून बघा की एकदा.

खडूफळा: अद्ययावत! अद्य + यावत्, आजपर्यंतचं. ताजा, अखेरचा हे सगळे फारसी-अरबी पाहुणे.

गळका_नळ: मग हप्ता कुठला? फारसीत हफ्त म्हणजे सात, आठवड्याचा तो हप्ता. जमा अरबी, तारीख अरबी, कर्ज अरबी. पाहुणे हाकलले तर मेसेजात 'आपला' आणि 'झाला' एवढंच उरेल. आणि अद्ययावत हप्ता म्हणजे काय, रंगरंगोटी केलेला?

बांधावरचा_मामा: मला वाटलं जमिनीच्या गट नंबरची चर्चा आहे म्हणून आलो :) १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने एकत्रीकरण झालं तेव्हा पडले ते गट. पण जमिनीच्या हक्कबदलाची नोंद, म्हणजे फेरफार, त्यातही हाच घोळ, तलाठी नोंद धरतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि मागून धरलेली नोंद आधी मंजूर होऊ शकते कारण आधीच्या नोंदीवर हरकत आलेली असते. मग शेवटचा फेरफार कुठला, नंबराने मोठा का मंजुरीने नवा? शब्दाचं नंतर बघा.

रिकामटेकडी: मामा, अगदी! एकाने एकाच तारखेला दोन हप्ते भरले होते, रो नंबर त्यातला कुठलाही उचलत होता. आता क्रम लावताना तारखेमागे पावती नंबरही लावलाय.

सेमीकोलन: विंडो फंक्शन (तुमचं ते रो नंबर वगैरे) आहेत म्हणून सुखी आहात. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ती ८.० आवृत्तीला आली, २०१८ साली. त्याआधी आम्ही ग्रुप बाय करून (खात्याची एकच ओळ करून) मॅक्स, म्हणजे सगळ्यात नवी तारीख काढायचो, तारीख बरोबर यायची आणि रक्कम भलत्याच ओळीची, एरर नाही काही नाही. ५.७ आवृत्तीपासून कुठे ते अशी क्वेरी डिफॉल्टला अडवायला लागलं.

गळका_नळ: सरळ 'मागचा हप्ता' लिहा ना.

माजघर: नको. 'मागचं भाडं दिलं' म्हटलं की आमचे घरमालक थकलेलं समजतात.

रिकामटेकडी: मी शब्दच काढला. 'हप्ता जमा, १९ बाकी' एवढंच जातं आता.

खडूफळा: 'उरले' लिहा. बाकी अरबी आहे.

बांधावरचा_मामा: फेरफाराचं राहिलंच.