मदत हवी आहे: डबल एक्स्पोजरमध्ये पांढऱ्या बाराबंदीवर दुसरा फोटो दिसतच नाही

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज (मानाची उंच काठी) धरणाऱ्या काकांचा साइड प्रोफाइल फोटो आहे, त्यांच्या आकृतीत सिद्धेश्वर मंदिर आणि तळं दिसायला पाहिजे. मंदिराचा लेयर वर ठेवून स्क्रीन मोड लावला की दाढी, केस अशा गडद भागात मंदिर एकदम झकास येतं, पण बाराबंदी (अंगातला बंदांचा पारंपरिक सदरा) पांढरीशुभ्र, तिथं काहीच उमटत नाही (स्क्रीन उजळच करतो म्हणा). मल्टिप्लाय मोड (हा उलट गडद करतो) लावला तर बाराबंदीवर छान येतं पण चेहरा काळाठिक्कर. कर्व्हजनं मूळ फोटो गडद केला तर कापड मळकं वाटतंय, पोरं म्हणतात धुवायला टाका. आता लेयरची कॉपी करून चेहऱ्याला स्क्रीन, कापडाला मल्टिप्लाय असं मास्क (लेयरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा थर) लावून केलंय, पण गळ्यापाशी जोड दिसतो, मऊ ब्रश फिरवला तरी तिथं राखाडी पट्टा राहतोच.

गिम्प २.१० (फोटो एडिटिंगचं मोफत सॉफ्टवेअर) वापरतो, लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, त्यामुळे फोटोशॉप सुचवू नका, आणि त्यातलं ब्लेंड इफ (उजेड-अंधारानुसार लेयर दाखवायची-लपवायची सोय) गिम्पमध्ये नाहीये. फोटो परत काढायचा तर थेट जानेवारीत. प्रिंट १२ बाय १८ इंच काढायचीय.

हाताने रंगवण्याऐवजी फोटोच्याच उजेड-अंधारावरून मास्क बनवला तर तो पट्टा जाईल का, आणि गेला तर तो मास्क स्क्रीनच्या लेयरला उलटा करून लावायचा की मल्टिप्लायच्या?