लिस्बन करारावर आयर्लंडमध्ये दोनदा मतदान का?

फोंडेकर: आपला गोव्याचा १९६७ चा जनमत कौल एकदाच झाला. युरोपियन युनियनच्या लिस्बन कराराला आयर्लंडने २००८ मध्ये ‘नको’ म्हटल्यावर २००९ मध्ये परत कसं विचारलं?

मडगावकर: करार लागू व्हायला प्रत्येक सदस्य देशाची मंजुरी लागते, एक अडला की सगळं अडतं. आयर्लंडमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या क्रॉटी निकालानंतर अशा करारांसाठी घटनादुरुस्ती करतात, आणि तिला सार्वमत सक्तीचं. मधल्या काळात आयर्लंडने युनियनकडून कमिशनरपद (युरोपियन कमिशनमधली आपली जागा), कर, तटस्थता, गर्भपात यांवर हमी मिळवली. ५३.४% नकार होता, तिथे ६७.१% होकार आला.

डिचोलीकर: नुसत्या हमीने नाही हो, मंदीचा धाकही होता! डेन्मार्कनेही युनियनच्या आधीच्या मास्ट्रिक्ट कराराला १९९२ मध्ये नाकारलं, १९९३ मध्ये चार सवलती घेऊन स्वीकारलं. तिथे सार्वभौम अधिकार सोपवताना संसदेत पाच-षष्ठांश बहुमत असलं तर सार्वमत लागत नाही.

फोंडेकर: आणि आपल्याकडे?

मडगावकर: घटनेत सार्वमताची तरतूदच नाही. कौलासाठी संसदेने १९६६ मध्ये वेगळा कायदा केला होता.