ताई, लेकीला नक्की पाठवा

ताई, परदेशात शिकणाऱ्या लेकीला वर्गातल्या पोरांबरोबर आल्प्समध्ये गाडीनं जाऊ द्यावं का, असं विचारलंत. नक्की जाऊ द्या. मी बेळगावचा, विद्यार्थी एक्स्चेंजवर जर्मनीत म्युनिकला होतो. आम्ही चौघं भाड्याच्या गाडीनं ऑस्ट्रियातल्या ग्रॉसग्लॉकनर रस्त्यावर गेलो. 48 किलोमीटर, 36 नागमोडी वळणं! चोर्ला घाट अंगवळणी पडलेला, म्हणून उतारावर स्टिअरिंग माझ्याकडे. निम्म्यात ब्रेक जळल्याचा वास सुटला, मागची पोरं एकदम गप्प. गाडी कडेला घेतली. ब्रेक निवेपर्यंत आईनं दिलेला कुंदा डब्याच्या झाकणावर वाटून खाल्ला. मग दुसऱ्या गिअरमध्येच हळूहळू खाली आलो. लेकीला उतारावर गिअर खालचाच ठेवायला सांगा. आणि हो, ऑस्ट्रियाच्या मोटरवेच्या टोलचं स्टिकर घेतलं तरी या रस्त्याचा टोल वेगळा भरावा लागतो.