मदत हवी आहे: कोरीवकाम स्पर्धेत भागही घेतेय आणि नवोदित गटाचं परीक्षणही करायचंय

कोरणी

नमस्कार मंडळी. दोन बाबतींत सल्ला हवा आहे. दोन्ही एकाच स्पर्धेतल्या असल्याने वेगळे धागे काढत नाही.

आमच्या लाकूड कोरीवकाम मंडळाची वार्षिक स्पर्धा तोंडावर आली आहे. उठावकाम, पूर्ण शिल्प आणि चिप कार्व्हिंग (छोटे छोटे काप काढून केलेली नक्षी) असे विभाग आहेत आणि प्रत्येकात नवोदित, मध्यम आणि खुला असे गट. मी उठावकामाच्या खुल्या गटात शिवणीच्या लाकडाच्या फळीवरचा लव्हाळ्यात उभा असलेला बगळा देतेय. त्यातच आयोजकांनी नवोदित गटाच्या तीन परीक्षकांपैकी एक व्हाल का, असं विचारलंय. ज्या गटाचं परीक्षण करायचं त्यात स्वतःचं काम ठेवायचं नाही, एवढाच नियम आहे. त्यामुळे तिथे अडचण नाही.

आधी बगळ्याबद्दल. कोरून झालाय, फिनिशिंग राहिलंय. मान आणि पाठ मी पटाशीच्या शेवटच्या हातावरच सोडली आहे, पॉलिश पेपर अजिबात लावलेला नाही. जवळून पाहिलं की चपट्या गोल पटाशीचे लहान लहान पैलू दिसतात आणि बाजूने उजेड आला की त्यातूनच पिसं उभी राहतात. मला तेच हवंय. पण मंडळातले दोघंतिघं ठामपणे सांगतायत की परीक्षकांना हे अर्धवट वाटेल, घासून गुळगुळीत कर. काय करू? आणि वरून तेल द्यावं की मेण? शिवणीचा फिकटपणा जाऊ द्यायचा नाहीये.

आता परीक्षणाबद्दल. खरं तर रात्री झोप लागत नाही ती याच प्रश्नामुळे. तक्ता मिळालाय: रचना, कारागिरी, अवघडपणा, कल्पकता, फिनिश, प्रत्येकी १० गुण. वाचायला सोपा आहे. पण गेल्या स्पर्धेतली नवोदित गटाची दोन कामं डोळ्यासमोरून जात नाहीत. एक होता मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा. ऐट जबरदस्त, पण पोटाखाली आणि पायांच्या आतल्या बाजूला लाकडाची लव तशीच उभी, एक पाय मोडून चिकटवलेला आणि सांध्याबाहेर आलेला गोंद वाळून पिवळा पडलेला. दुसरं होतं एक साधं पान, तळहातापेक्षा थोडं मोठं. मधली शीर देठापासून टोकापर्यंत बारीक होत गेलेली, कुठेही धार घसरलेली नाही, कडेखालून लाकूड इतकं नेटकं काढलेलं की पान फळीवरून उचललं जाईल असं वाटावं. बक्षीस घोड्याला गेलं. मी तेव्हा प्रेक्षक होते आणि माझं मत पानाला होतं. आता तिथे मी बसणार. अवघडपणा आणि स्वच्छ काम यांचा तोल तुम्ही कसा राखता?

शिवाय नवोदित गटातला एक स्पर्धक माझ्याकडेच शिकायला येतो. कामांवर नावं नसतात, फक्त क्रमांक असतात. पण त्याचा हात मी कुठेही ओळखेन.

ज्यांनी परीक्षण केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुनी पटाशी

घासू नका. एकदा पेपर लागला की त्याचे कण लाकडाच्या रेशात अडकून बसतात. नंतर तिथे काप घ्यायला गेलात तर धार बोथट होते, आणि घासलेला तुकडा कापलेल्या भागाशेजारी मळकट दिसतो. अर्धं घासलेलं आणि अर्धं कापलेलं काम परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

ग्रिनलिंग गिबन्स (१६४८–१७२१) या इंग्लंडमधल्या कोरीवकाम करणाऱ्याची लाइमवुड या मऊ, फिकट लाकडातली फुलं-फळं आजही लोक तासन्‌तास बघत उभे राहतात. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याला १९८६ साली आग लागली, त्यात त्याची एक सात फुटांहून लांब कोरीव माळ जळून गेली. ती नव्याने कोरण्याचं काम डेव्हिड एस्टर्ली या अमेरिकन कोरीवकाम करणाऱ्याकडे आलं. गिबन्सची जुनी कामं जवळून तपासताना त्यांना पृष्ठभागावर बारीक घासल्याच्या खुणा आढळल्या, आणि त्या काळी सँडपेपर नव्हता. एक्विसेटम नावाच्या वनस्पतीचे खरखरीत दांडे वापरून तो घासत असावा, असं त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे घासणं हे पाप नाही. पण त्याने ते मुद्दाम केलं, जिथे हवं तिथेच. तुमचे पैलूही मुद्दाम ठेवलेत हे दिसायला हवं.

ते कसं दिसतं? पैलू पिसांच्या दिशेने वळलेले असतात, आकाराने एकमेकांशी जुळतात आणि कापाची चमक सगळीकडे सारखी असते. बॅटरी अगदी आडवी धरून सगळी मान तपासा. प्रत्येक कापातून एक बारीक पांढरी रेघ जात असेल तर पटाशीच्या धारेला खाच आहे. धार पाजळा, चामड्याच्या पट्ट्यावर ओढा आणि तेवढ्या भागावर शेवटचा पातळ हात पुन्हा फिरवा. पैलूंना कोणी अर्धवट म्हणत नाही, अशा रेघांना म्हणतात.

मोगरी

फिकटपणा टिकवायचा असेल तर जवसाचं तेल नकोच. लगेच पिवळसर होतं आणि वर्षागणिक गडद होत जातं. उठावकामात आणखी एक त्रास असतो. बगळ्याच्या छातीसारख्या उतारावर रेशांची तोंडं उघडी पडलेली असतात, ती जागा जास्त तेल पिते आणि नेमका तिथेच काळा डाग पडतो. आपण दिलेली सावली एकीकडे आणि तेलाने आणलेली भलतीकडे!

स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या फिकट लाखेचा अगदी पातळ हात द्या, वाळू द्या, वरून पांढरं मेण आणि मऊ ब्रश. खाचांत मेण साचू देऊ नका, वाळल्यावर पांढरं दिसतं. हे सगळं आधी त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर करा, आणि तोही कोरलेला हवा. सपाट तुकड्यावरची चाचणी उपयोगाची नाही. कोणाला तेलच द्यायचं असेल तर स्पर्धेच्या बरंच आधी द्या, चिकट आणि वास येणारं काम टेबलावर नको. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

बाकी फिनिशवरून वाद होणं फार जुनं आहे. टिल्मान रीमेनश्नायडर या जर्मन शिल्पकाराने जर्मनीतल्या म्युनरश्टाट गावच्या चर्चसाठी १४९२ मध्ये पूर्ण केलेली लाकडी वेदी रंगवली नव्हती. गावाला ते रुचलं नसावं, कारण दहा-बारा वर्षांनी फाइट श्टोस या दुसऱ्या नामवंत शिल्पकाराकडून ती रंगवून घेतली.

ढलपी

मी घोड्याच्या बाजूने. नवोदित गटात हिंमत केलेल्याला मागे ठेवलं तर पुढच्या वेळी सगळे पानंच आणतील.

जुनी पटाशी

ढलपी, हिंमतीला गुण द्यायलाच हवेत. पण अवघडपणाचे गुण अवघड भाग सोडवल्याबद्दल असतात, नुसता हाती घेतल्याबद्दल नाहीत. घोड्याचं उदाहरण घ्या. पाय का मोडला हे परीक्षकाने लाकूड वाचून ओळखायला हवं. रेशा धडाच्या लांबीने ठेवला असेल तर बारीक पायात तो आडवा येतो, आणि आडव्या रेशाचा बारीक भाग मोडतोच. म्हणजे चूक हाताची नाही, ठोकळ्यावर आराखडा लावताना झाली. तिथे रचनेत गुण कमी होतील. पोटाखालची लव मात्र बोथट धारेची किंवा हत्यार न पोचल्याची, ती कारागिरीत मोजायची. एकच दोष दोन रकान्यांत कापू नका, नवख्या परीक्षकाकडून हे सर्रास होतं.

आणि पान सोपं असतं असं कोण म्हणतं? कडेखालून लाकूड काढताना वरची कड उडू न देणं हे नवोदिताला जमलं असेल तर तोही अवघडपणाच. विषय बघून अवघडपणा ठरवू नका, काप बघून ठरवा.

जमेल तिथे निकष तपासता येईल असा धरावा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १९७१ पासून पक्षी-कोरीवकामाची जागतिक स्पर्धा भरत आली आहे. तिथे पाण्यावर तरंगायचे पक्षी खरोखर पाण्यात सोडून बघतात. बदक सुंदर असेल, पण कलंडलं तर सगळ्यांना दिसतं.

पाचर

गुणांच्या बेरजेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तीन परीक्षकांच्या गुणांची सरळ बेरीज फसवी असते. समजा पहिल्याने घोड्याला ९ आणि पानाला ४ दिले. उरलेल्या दोघांनी घोड्याला ७ आणि पानाला ८ दिले. बेरीज घोडा २३, पान २०. तिघांपैकी दोघांना पान सरस वाटलं, तरी जिंकला घोडा. जो परीक्षक टोकाचे गुण देतो त्याचंच मत निकालात चालतं.

आम्ही गुण फक्त स्वतःच्या टिपणासाठी लिहितो. मग प्रत्येकाने स्वतंत्रपणे क्रम लावायचा, कोणाशी न बोलता. वरच्या उदाहरणात क्रमांकांची बेरीज घोडा ५ आणि पान ४, म्हणजे पान पुढे. क्रम उघड झाल्यावर वरची चार-पाच कामं एकाच टेबलावर, एकाच उजेडात आणायची आणि तेव्हा चर्चा करायची. आधी चर्चा केली की सगळ्यात मोठ्याने बोलणारा निकाल लावतो. उठावकाम मात्र उभं करूनच बघा. भिंतीसाठी केलेलं काम टेबलावर आडवं ठेवलं की सावल्या चुकीच्या पडतात आणि बिचाऱ्या स्पर्धकाची मेहनत वाया जाते.

तुमच्या विद्यार्थ्याबद्दल: आयोजकांना आजच लेखी कळवा. त्या कामावर तुम्ही मत द्यायचं नाही, चर्चेच्या वेळी बाजूला व्हायचं, आणि तेवढ्यापुरता राखीव परीक्षक घ्यायचा. निकालानंतर कळवलं तर कितीही प्रामाणिक असलात तरी त्याच्याच बक्षिसावर बोट ठेवलं जाईल. त्याने स्पर्धेचं काम तुमच्या देखरेखीखाली केलं असेल तर तेही सांगा, वर्गात शिक्षकासोबत केलेलं काम बऱ्याच स्पर्धांत चालत नाही.

कोरणी

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅटरीची युक्ती लगेच केली. मानेच्या वळणावर तीच पांढरी रेघ निघाली! धार लावून तेवढा भाग पुन्हा घेतला, आता स्वच्छ आहे. घासणार नाही हे नक्की. आयोजकांना विद्यार्थ्याबद्दल कळवलं, त्यांनी राखीव परीक्षक मान्य केला. काम त्याने घरीच केलंय, मी ते पाहिलेलंही नाही.

पाचर, क्रम लावण्याबद्दल बाकीच्या दोघांशी बोलते.

अजून एक. प्रत्येक नवोदिताला लेखी अभिप्राय द्यायचा आहे. 'छान प्रयत्न' मी लिहिणार नाही, मला स्वतःला तशा चिठ्ठ्या मिळाल्या की वाईट वाटायचं. पण कठोरही व्हायचं नाही. कसं लिहिता?

जुनी पटाशी

जागा दाखवा आणि पुढचा काप सांगा. 'फिनिशिंग कमी पडलं' याने त्याला काहीच कळत नाही. 'डाव्या पंखाच्या मुळाशी रेशा उलटा फिरतो, तिथे विरुद्ध बाजूने काप घ्या' असं लिहिलं तर तो घरी जाऊन पटाशी हातात घेईल. जे जमलंय तेही असंच नेमकं लिहा, म्हणजे पुढच्या कामात तो ते सोडणार नाही. चिठ्ठ्या काम समोर असतानाच लिहा, संध्याकाळी आठवून लिहिल्या की सगळ्या सारख्या होतात.

मोगरी

कोरणी, एक राहिलं. फळीची मागची बाजू कोरी ठेवू नका. पुढे लाख आणि मेण, मागे उघडं लाकूड असं झालं तर दोन्ही बाजू ओलावा कमीजास्त घेतात आणि फळी वाकते. पुढून कोरून लाकूड कमी झालेलं असतं, त्यामुळे ती तशीही वाकायला टेकलेली असते. जे पुढे दिलं तेच मागे द्या.

कोरणी

मागची बाजू डोक्यातच नव्हती. आधी तुकड्यावर लाख लावून बघते, मग फळी दोन्ही बाजूंनी घेते. तुकड्याचा फोटो इथेच टाकेन, रंग किती बदलला ते सांगा.