प्रस्थान ठेवले, पण गेले नाहीत!

आमच्या मंडळींपैकी एका गृहस्थांची नागपूरला बदली झाली आणि निरोपाच्या चार ओळींत त्यांनी ‘उद्या आमचे प्रस्थान’ असे लिहिले. पुढचा आठवडाभर ते प्रत्येक वादात पूर्वीच्याच उत्साहाने तोंड घालत राहिले, तेव्हा ‘काका, प्रस्थान झाले की नुसतीच हूल दिलीत?’ अशी टिंगल सुरू झाली. त्या टिंगलीतूनच असा प्रश्न निघाला, की प्रस्थान म्हणजे निघून जाणे एवढाच अर्थ धरायचा का? माझे मत काकांच्या बाजूने आहे. प्रस्थान झाले म्हणजे माणूस गावाबाहेर पडलाच पाहिजे, असे मराठीने कधी मानलेले नाही.

व्युत्पत्तीपुरते बोलायचे तर ‘स्था’ या धातूचा अर्थ उभे राहणे, थांबणे असा आहे, आणि त्याला ‘प्र’ हा उपसर्ग लागताच अर्थ उलटून निघणे असा होतो. रूपही बदलते. एरवी ‘तिष्ठति’ असे चालणारा हा धातू सम्, अव, प्र आणि वि या उपसर्गांनंतर आत्मनेपदी होतो, म्हणजे ‘-ति’ऐवजी ‘-ते’ असे प्रत्यय घेतो, असे पाणिनीचे सूत्र आहे, म्हणून ‘प्रतिष्ठते’ म्हणजे तो निघतो. पण आपला वाद व्युत्पत्तीने मिटणारा नाही, कारण मराठीत या शब्दाच्या सोबतीला ‘करणे’बरोबर ‘ठेवणे’ हेही क्रियापद आले.

प्रस्थान ठेवणे हा मुहूर्ताच्या दुनियेतला प्रयोग आहे. प्रवासाला चांगला दिवस बुधवारी मिळाला आणि सोबत मात्र शनिवारी जमणार असली, तर बुधवारच्या मुहूर्तावर बरोबर न्यायच्या सामानातली एखादी वस्तू किंवा छोटे गाठोडे घरातून बाहेर काढून, जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्या घरी किंवा देवळात नेऊन ठेवायचे. शनिवारी मग राहूचा काळ असो वा दिशाशूळ, म्हणजे त्या वारी त्या दिशेला जाणे अशुभ असो, वाटेत ते गाठोडे उचलायचे आणि पुढे चालू लागायचे, कारण प्रवास बुधवारीच सुरू झालेला असतो. असे पुढे धाडलेले गाठोडेदेखील ‘प्रस्थान’च म्हणवले जाई.

‘ही तर मुहूर्ताच्या डोळ्यांत चक्क धूळफेक झाली’, असा आक्षेप आमच्यातल्या एका बाईंनी घेतला. धूळफेक खरी, पण शास्त्राने मान्य केलेली आणि मुदत घालून दिलेली. रामदैवज्ञाने १६०० च्या सुमारास काशीत रचलेल्या मुहूर्तचिंतामणीच्या यात्राप्रकरणात ती मुदत सांगितली आहे. प्रस्थान झाल्यावर राजाने एका जागी दहा दिवसांहून अधिक राहू नये, सामंताने सात आणि इतरांनी पाच. काय ठेवायचे तेही वर्णानुसार ठरलेले होते, म्हणजे ब्राह्मणाने जानवे, क्षत्रियाने शस्त्र, वैश्याने मध आणि शूद्राने फळ. या हिशेबाने आमच्या काकांची मुदत टळून गेली, असे बाईंनी लगेच सुनावले. त्यावर, बदली बढतीवर झाली असेल तर त्यांना सामंत धरून सात दिवस द्यावेत, अशी तडजोडही कोणीतरी सुचवली. काकांनी बढतीविषयी अद्याप मौन पाळले आहे.

ज्यांना ही सगळी जुनाट पोथ्यांची गोष्ट वाटते, त्यांनी वारीकडे पाहावे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांच्या आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानोबांच्या पालखीचे प्रस्थान होते, ही बातमी दरवर्षी छापून येते. मात्र त्या रात्री दोन्ही पालख्या गावातच असतात. तुकोबांची पालखी देहूच्या इनामदार वाड्यात, तर माउलींची आळंदीतल्याच आजोळघरी मुक्कामाला थांबते. माउलींची पालखी पुण्याची वाट धरते ती दुसऱ्या दिवशी. देऊळ सोडले, गाव सोडले नाही, आणि तरीही सोहळा सुरू झाला, हाच प्रस्थानाचा नेमका अर्थ आहे. महामारीच्या वर्षी तर तो ताणला गेला. १३ जून २०२० रोजी आळंदीत मोजक्या लोकांत प्रस्थान झाले, पायी वारीला परवानगी नसल्याने पादुका आजोळघरीच राहिल्या आणि ३० जूनला, म्हणजे एकादशीच्या आदल्या दिवशी, एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या. सतरा दिवसांचा हा मुक्काम राजाच्या दहा दिवसांनाही मागे टाकतो, पण ‘मुदत टळली, प्रस्थान पुन्हा करा’ असे कोणी वारकरी म्हणाल्याचे ऐकिवात नाही. माउलींना सामंतांचे नियम कोण लावणार?

‘प्रस्थान करणे’ हा प्रयोग चूक आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. संस्कृतातला निघण्याचा अर्थ मराठीतही चालतोच. पांडव हिमालयाकडे गेले त्या पर्वाचे नाव महाप्रस्थानिक आहे आणि तिथे मागे वळण्याचा प्रश्नच नव्हता. उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि गीता यांना प्रस्थानत्रयी म्हणतात, तिथे हा शब्द जिथून निघायचे त्या पायापर्यंत पोचतो. माझी तक्रार आहे ती बातम्यांतल्या ‘खेळाडूंनी हॉटेलकडे प्रस्थान केले’ अशा वाक्यांविषयी, कारण तिथे साधे ‘गेले’ पुरते. रेल्वेच्या फलकावर दिसणारे ‘प्रस्थान’ तर हिंदीतले आहे. आपल्याकडे गाडी सुटते, आणि ती सुटली की सुटली, आजोळघरी थांबत नाही.

सरकारी मराठीने या बाबतीत वेगळा शब्द निवडला आहे आणि तो मला पटतो. मंत्र्यांच्या दौऱ्याच्या पत्रकात ‘मोटारीने अमुक गावाकडे प्रयाण’ असे असते, कारण मोटार खरोखरच हललेली असते. त्याच पत्रकात पुढे ‘शासकीय विश्रामगृह येथे आगमन व राखीव’ असेही येते. आता हे राखीव नेमके कोणासाठी, यावर काकांनी आतापासूनच बाह्या सरसावल्या आहेत.