ब्लॅक मतदार ‘डोळे झाकून’ डेमोक्रॅट? मला अजिबात पटत नाही

मुक्काम अटलांटा:
इथल्या आपल्या मंडळींत निवडणुकीचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं, ब्लॅक लोक काय, डोळे झाकून डेमोक्रॅट्सना मत देतात. अहो, याच समाजाने लिंकनच्या पक्षाला साठ-सत्तर वर्षं साथ दिली, 1870 मध्ये मिसिसिपीतून सिनेटवर गेलेले पहिले ब्लॅक सिनेटर हायरम रेव्हल्स रिपब्लिकनच होते. 1930 च्या दशकातल्या मंदीत डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्टच्या योजनांमुळे बरीच मतं डेमोक्रॅट्सकडे गेली, तरी 1960 ला रिपब्लिकन उमेदवार निक्सनला जवळपास तिसरा हिस्सा मिळाला आणि चारच वर्षांत ते सहा टक्क्यांवर आलं! कारण पक्षाने उमेदवार दिला गोल्डवॉटर, ज्यांनी वंशभेदाला बंदी घालणाऱ्या 1964 च्या सिव्हिल राइट्स ॲक्टच्या विरोधात मत टाकलं होतं. बेसबॉलवाले जॅकी रॉबिन्सन 1960 ला निक्सनचा प्रचार करत होते, तेही 1964 ला डेमोक्रॅट जॉन्सनच्या बाजूने उभे राहिले. डोळे उघडे होते म्हणूनच गेले ना?

पेणकर:
दादा, अर्धीच गोष्ट सांगताय. त्याच कायद्याला सिनेटमध्ये 33 पैकी 27 रिपब्लिकनांनी होकार दिला, विरोधात 21 डेमोक्रॅट होते. सिनेटमधले रिपब्लिकन नेते डर्कसन यांनी रिपब्लिकन मतं जमवली नसती तर फिलिबस्टर, म्हणजे भाषणं लांबवून कायदा अडवून धरणं, मोडलाच नसता. आणि गोल्डवॉटरनी 1957 आणि 1960 च्या नागरी हक्क कायद्यांना पाठिंबा दिला होता, हे कुणीच सांगत नाही. शिक्षा कडक करणारा 1994 चा क्राइम बिल कुणी आणला? सही क्लिंटनची, पुढाकार बायडनचा. कैद्यांच्या शिक्षा कमी करणारा फर्स्ट स्टेप ॲक्ट 2018 ला ट्रम्पच्या सहीने आला. नव्वद टक्के मतं एकाच पक्षाला दिली की तो गृहीत धरतो आणि दुसरा दारातही येत नाही, यात नुकसान त्याच समाजाचं आहे आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

अनघा:
पेणकर, ते 21 डेमोक्रॅट जवळजवळ सगळे दक्षिणेतले, आणि त्यांच्यातले स्ट्रॉम थरमंड त्याच वर्षी रिपब्लिकन झाले, हे पण सांगा की. 1980 ला रेगन मिसिसिपीत नेशोबाच्या जत्रेत राज्यांच्या हक्कांवर बोलले, तिथून काही मैलांवर 1964 ला नागरी हक्कांच्या तीन कार्यकर्त्यांचा खून झाला होता. ‘राज्यांचे हक्क’ ही वर्णभेद टिकवणाऱ्यांची जुनी ढाल, दक्षिणेतल्या माणसाला त्या शब्दांचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. 2005 मध्ये तर रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष केन मेलमन यांनीच एनएएसीपी या ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या अधिवेशनात जाऊन, वंशभेदाचा राजकीय फायदा घेण्याची चूक कबूल केली. जोतीरावांनी 1873 ला ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना, त्यांच्यातले कितीतरी तेव्हा याच पक्षात होते, म्हणून मला हे बघून जास्तच त्रास होतो.

पेणकर:
ताई, इतिहास मान्य, पण आज वीस-पंचवीस वर्षांच्या पोराने 1980 च्या भाषणावर मत ठरवायचं का? 2024 च्या एक्झिट पोलमध्ये साधारण पाचातला एक ब्लॅक पुरुष ट्रम्पकडे गेला. महागाई, घरभाडं, मुलांची शाळा, हे त्यांचेही प्रश्न आहेत. रविवारी चर्चला जाणारी, जुन्या वळणाची कितीतरी ब्लॅक कुटुंबं आहेत. ब्लॅक रिपब्लिकन सिनेटर टिम स्कॉट साउथ कॅरोलायनासारख्या दक्षिणेतल्या राज्यातून निवडून येतात, ते काय उगाच?

मुक्काम अटलांटा:
स्कॉट कष्टाने वर आलेत, त्यांच्याबद्दल आदरच आहे. जुन्या वळणाची कुटुंबं आहेत हेही खरं, माझ्या शेजारीच आहेत. पण ती तिकडे मत का देत नाहीत ते बघा ना. 2013 ला सुप्रीम कोर्टाने ब्लॅक मतदारांच्या मतदानाच्या हक्काचं रक्षण करणाऱ्या व्होटिंग राइट्स ॲक्टचा कणा काढला आणि दोन महिन्यांच्या आत नॉर्थ कॅरोलायनाच्या रिपब्लिकन सरकारने असा कायदा केला की 2016 ला कोर्टाने तो रद्द करताना लिहिलं, यात ब्लॅक मतदारांना जवळजवळ शस्त्रक्रियेच्या अचूकतेने लक्ष्य केलंय. हे 1964 नाही, कालपरवाचं आहे. आमच्या जॉर्जियात 2021 पासून मतदान केंद्राच्या दीडशे फुटांत रांगेतल्या मतदाराला पाण्याची बाटली देणं गुन्हा झाला. महागाईवर मत मागायला जरूर या, पण आधी मत टाकू तर द्या.

पेणकर:
पाण्याचा नियम मलाही पटत नाही, तो काढलाच पाहिजे. पण त्याच जॉर्जियात 2022 ला मध्यावधीच्या आगाऊ मतदानाचा विक्रम झाला, त्यामुळे मतदान बंद पाडलं असं चित्र मला मान्य नाही.

अनघा:
लोक तासन् तास उभे राहून मत देतात तो त्यांचा चिवटपणा, कायद्याचं श्रेय नाही.